विजेचा ब्रश घरात कोणासाठी, आणि वापरायचा कसा?

मागे वस्तीत घरभेटी करताना एका घरात मोरीच्या कट्ट्यावर दात घासायचा विजेचा ब्रश दिसला. नातवाने पहिल्या पगारातून हौसेने आणला होता. घरात माणसं पाच, ब्रशचं डोकं एकच. सकाळी सगळे पाळीपाळीने त्यानेच दात घासायचे. फक्त आजी त्याला हात लावत नव्हती. लकव्यानंतर तिचा उजवा हात उचलत नाही. ती डाव्या बोटाने मशेरी लावायची. "आम्हा म्हातारीला कशाला ते मशीन?" असं तिचं म्हणणं.

आम्ही म्हटलं, आजी, या घरात त्या मशीनची खरी गरज तुम्हालाच आहे.

विजेचा ब्रश ही चैनीची वस्तू असं आपल्याला वाटतं. पण १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी ब्रॉक्सोडेंट हा विजेचा ब्रश बनवला, तो ज्यांच्या हाताची हालचाल नीट होत नाही आणि ज्यांच्या दातांना तारा लावलेल्या आहेत, अशा रुग्णांसाठी. लकवा, संधिवात, हाताला कंप, मतिमंद मूल, अंथरुणाला खिळलेलं माणूस, यांना त्याचा उपयोग मोठा आहे. हात फिरवायचं काम ब्रश करतो, आपण तो फक्त जागेवर धरायचा.

बाकीच्यांनी घ्यावा का? कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये ५६ चाचण्या एकत्र तपासल्या. तीन महिन्यांहून जास्त वापरल्यावर विजेच्या ब्रशने दातांवरचा थर सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के जास्त कमी झाली. फायदा आहे, पण हात धड असेल तर सॉफ्ट साध्या ब्रशने सकाळी आणि रात्री दोन-दोन मिनिटं नीट घासलं तरी दात चांगले राहतात. त्यासाठी हप्त्यावर ब्रश घेऊ नका.

घरात असेल, तर असा वापरा :

१. एका माणसाला एक डोकं. मूठ एक चालेल, पण डोकं ज्याचं त्याचं वेगळं. हिरड्यांतून रक्त येतं आणि त्या रक्तातून हिपॅटायटिस बी, म्हणजे एक प्रकारची कावीळ, दुसऱ्याला होऊ शकते. हाच नियम साध्या ब्रशलाही आहे.

२. फ्लोराइड असलेली पेस्ट लावा. मोठ्यांना आणि तीन वर्षांवरील मुलांना वाटाण्याएवढी, त्याहून लहानांना तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रश आधी तोंडात घाला, मग बटण दाबा. नाहीतर पेस्ट अंगावर उडते.

३. साध्या ब्रशसारखं खसाखसा घासू नका. हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे ब्रश थोडा तिरपा, हलक्या हाताने धरा. एका दातावर दोन-तीन सेकंद, मग पुढचा दात. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूने. जोर दिला तर हिरड्या सोलवटतात.

४. तोंडाचे चार भाग करा आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट द्या. बऱ्याच ब्रशना तशी खूण देणारा टायमर असतो.

५. झाल्यावर डोकं काढून धुवा आणि उभं ठेवून वाळू द्या. चार्जर मोरीत नको, कोरड्या जागी हवा. ओल्या हाताने प्लग लावू नका. डोकं तीन महिन्यांनी, केस वाकले तर त्याआधीच बदला.

आजारी माणसाचे दात दुसऱ्याने घासताना त्याला बसतं करा, हनुवटी थोडी खाली ठेवा. गिळायला त्रास असेल तर पेस्ट अगदी नावापुरती लावा आणि फेस ओल्या फडक्याने टिपत राहा. फेस श्वासनलिकेत गेला तर छातीत संसर्ग होऊ शकतो. लकव्याच्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो, माणसाला ते कळतही नाही. तो आधी काढा. वॉर्डात आम्ही हे रोज करत होतो, घरी सूनही करू शकते.

त्या घरी नातवाने आजीसाठी वेगळं डोकं आणलं. सून रोज रात्री तिचे दात घासू लागली. चौथ्या दिवशी तिला आजीच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, बोट जिथे मशेरी ठेवायचं बरोबर तिथेच. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने दात साफ होत नाहीत, उलट तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. आम्ही आजीला सरकारी दंत रुग्णालयात नेलं. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला नाही. पण मशेरी बंद करायला आणि नियमित तपासणीला यायला सांगितलं. मशेरी सोडणं आजीला जड जातंय. सुटली की परत लागते, पुन्हा सोडते. आम्ही तिला रागावत नाही.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. बाकीच्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावं.

ब्रश विजेचा असो की साधा, आज रात्री घरातल्या म्हाताऱ्या माणसाला उजेडात बसवा आणि म्हणा, "आई, जरा तोंड उघडा, बघू."