आधी माप, मग कानस

गिटार दुरुस्तीला देताना आपण बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतो. किती लागतील आणि कधी मिळेल? या दोन्हींच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: "कानस लावण्यापूर्वी तुम्ही काय काय मोजणार?" ज्याला याचं नीट उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे गिटार ठेवून येऊ नये. मी पुण्यात बरीच वर्षं गिटार शिकवते. माझ्या स्वतःच्या गिटारचं जे झालं, त्यातून माझं हे मत पक्कं झालं आहे.

माझी गिटार स्टीलच्या तारांची, वरची फळी अस्सल स्प्रूसची. एका जुलैत तिच्या तारा वर उचलल्यासारख्या झाल्या. एफ कॉर्ड धरताना बोटं दुखू लागली आणि बाराव्या फ्रेटजवळ तर तार दाबायला चांगलाच जोर लागायचा. घराजवळ वाद्यदुरुस्तीचं एक जुनं दुकान आहे. तिथले काका हार्मोनियम, सतार, तानपुरा यांच्या कामात मुरलेले, गिटारही घेतात. त्यांनी तारा काढल्या, सॅडल बाहेर काढून पॉलिश पेपरवर घासलं, नटच्या खाचा खोल केल्या, जे फ्रेट उंच वाटले ते कानशीने खाली घेतले आणि त्याच जुन्या तारा परत चढवून दिल्या. "आता बोट ठेवलं की वाजेल बघा," ते म्हणाले. तशी वाजलीही. गणपतीतल्या कार्यक्रमात मी तीच गिटार घेऊन बसले होते.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि खरखर सुरू झाली. आधी फक्त जाड तारेवर, मग सगळ्याच तारांवर. मोकळी तार छेडली तरी ती पहिल्या फ्रेटवर घासायची. आवाजही बसल्यासारखा झाला. उन्हाळा येईपर्यंत गिटार वर्गात वापरण्याजोगी राहिली नाही.

मग मी ती दुसऱ्या कारागिराकडे नेली. हे फक्त गिटारचंच काम करतात. त्यांनी आल्याआल्या हत्यार उचललं नाही. गिटार सुरात लावली, नेकवरून डोळा लावून पाहिलं, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून पट्ट्या सरकवत फटी मोजल्या आणि आकडे कागदावर लिहिले. मग विचारलं, "ताई, हे काम पावसाळ्यात झालंय का?"

त्यांचं निदान साधं होतं. पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं आणि गिटारची वरची फळी फुगते. फळी फुगली की तिच्यावरचा ब्रिज वर येतो आणि त्याबरोबर तारा वर येतात. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तर एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्याही खाली जाते. कोरड्या हवेत फळी पुन्हा खाली बसते. फुगलेल्या फळीच्या हिशेबाने सॅडल घासलं, तर फळी बसल्यावर तारा फ्रेटला टेकणारच. माझ्या गिटारचं नेमकं हेच झालं होतं. नेकमधल्या ट्रस रॉडला मात्र कोणी हातही लावला नव्हता.

नवं हाडाचं नट आणि नवं हाडाचं सॅडल बसवून गिटार पुन्हा वाजती झाली. पण फ्रेटचा जो धातू गेला तो गेला. काही फ्रेट खाली गेल्यामुळे बाकीचे सगळे त्यांच्या पातळीला आणावे लागले. फ्रेट असे काही वेळाच समतल करता येतात, नंतर ते बदलावे लागतात. त्यातली एक संधी माझ्या गिटारने विनाकारण गमावली.

पहिल्या काकांच्या हातातल्या कौशल्याबद्दल मला आजही आदर आहे. त्यांचं शिक्षण वेगळ्या वाद्यांवर झालं आहे. तानपुऱ्याची जवारी काढताना घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला सावकाश स्पर्श करत सुटते आणि त्यातून तो भरलेला गुंजारव निघतो. मिरजेच्या कारागिरांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटारच्या सॅडलला याच्या उलट हवं असतं. तार एका स्पष्ट कडेवरून सुटली पाहिजे. माथा सपाट आणि रुंद झाला की तार झणझणते आणि स्वरही नेमका लागत नाही. माझं सॅडल तसंच सपाट झालेलं होतं. म्हणून कारागीर किती जुना आहे यापेक्षा तो गिटारचं काम किती करतो, हे आधी विचारा.

घरी काय तपासावं

दुकानात जाण्याआधी आपल्या गिटारची प्रकृती आपल्याला ठाऊक असावी. त्यासाठी मिलिमीटरची बारीक पट्टी, एक कॅपो आणि ट्यूनर पुरेसे आहेत. गिटार सुरात लावूनच मोजा, कारण तारांचा ताण बदलला की मापंही बदलतात.

पहिलं माप नेकच्या बाकाचं. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक जिथे पेटीला जोडली आहे तिथल्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. ती साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी. फट फार मोठी असेल तर नेक पुढे वाकली आहे. फटच नसेल तर नेक अगदी सरळ आहे किंवा मागे गेली आहे.

दुसरं माप तारांच्या उंचीचं. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकवर जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली १.६ ते २ मिलिमीटर असलं तर बहुतेकांना वाजवायला सोयीचं जातं. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर हीच मापं साधारण ४ आणि ३ असतात. ती उंची त्या वाद्याची गरज आहे, दोष नव्हे.

तिसरी तपासणी नटची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती उचललेली आहे ते पाहा. केसभर फट दिसली तर ठीक. तार फ्रेटला टेकली असेल आणि मोकळी वाजवताना खरखरत असेल, तर नटची खाच खोल गेली आहे.

चौथी तपासणी स्वराची. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर जुळवून पाहा. दाबलेला स्वर चढा येत असेल, तर तारेची लांबी थोडी वाढायला हवी, म्हणजे तार सुटण्याची सॅडलवरची जागा मागे घ्यावी लागते. ही तपासणी नव्या तारांवरच करा. जुन्या, गंजलेल्या तारा कधीच खरं सांगत नाहीत.

शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का पाहा. सरकत असेल तर ब्रिज सुटू लागला आहे. अशा वेळी तारा लगेच सैल करा.

कामाचा क्रम

चांगला कारागीर आधी परत फिरवता येण्याजोगं काम करतो आणि घासण्याचं काम शेवटी ठेवतो. नव्या तारा चढवल्या, तर त्या उद्या बदलता येतात. ट्रस रॉड पाव फेरा फिरवला, तर तो पाव फेरा मागेही घेता येतो. सॅडल घासलं तर निदान नवं बनवता येतं. फ्रेट घासला तर धातू परत येत नाही. काम याच क्रमाने चाललं पाहिजे.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली पोलादी कांब. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. हलक्या वजनाच्या स्टीलच्या तारांचा संच नेकवर सुमारे ७० किलोंचा ताण देतो. त्या ताणाला तोल देण्याचं काम ही कांब करते. तिने नेकचा बाक सुधारतो. तारांची एकूण उंची ठरवण्याचं काम तिचं नाही, ते नट आणि सॅडलचं. उंची कमी करायची म्हणून कोणी ट्रस रॉड आवळतच सुटला, तर त्याला तिथेच थांबवा. रॉड एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये आणि फिरवल्यावर पुन्हा सुरात लावून मोजावं.

सॅडलचा हिशेबही लक्षात ठेवा. बारावा फ्रेट नट आणि सॅडल यांच्या मधोमध येतो. म्हणून तिथे तार १ मिलिमीटर खाली हवी असेल, तर सॅडल २ मिलिमीटर कमी करावं लागतं. जो हा हिशेब सांगून मगच घासतो, त्याच्या हाती गिटार द्यायला हरकत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या बहुतेक ब्रिजवर उंची आणि स्वर दोन्हींसाठी स्क्रू असतात. तिथे सॅडलला कानस लावायची वेळ सहसा येऊ नये.

या गोष्टी करू देऊ नका

सुटलेल्या ब्रिजला वरून स्क्रू मारून आवळू देऊ नका. ब्रिज पूर्ण काढून, जुना गोंद साफ करून, लाकडाच्या गोंदाने चिकटवून आणि क्लॅम्प लावून किमान एक दिवस ठेवणं, हीच त्याची रीत आहे.

हेडस्टॉक मोडला तर झटपट चिकटणारा गोंद घरी किंवा दुकानात ओतू देऊ नका. तो लाकडाच्या रंध्रांत शिरून कडक होतो आणि नंतर चांगल्या कारागिरालाही सांधा नीट जुळवता येत नाही. मोडलेले तुकडे तसेच कापडात गुंडाळून न्या. लाकूड स्वच्छ असेल तर लाकडाच्या गोंदाचा सांधा फार मजबूत होतो.

नायलॉनच्या तारांच्या गिटारवर "आवाज मोठा येईल" म्हणून स्टीलच्या तारा चढवू देऊ नका. नायलॉनच्या संचाचा ताण सुमारे ४० किलोंचा असतो आणि बऱ्याच क्लासिकल गिटारमध्ये ट्रस रॉडच नसतो. काही महिन्यांत ब्रिज उखडतो किंवा नेक वाकते. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या मुलांच्या गिटारमध्ये हा प्रकार मला वारंवार दिसतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्या मुलाला वाटत असतं की आपल्या बोटांतच जोर नाही.

एकच फ्रेट खरखरतो म्हणून शेजारचा फ्रेट अंदाजाने घासणं हेही चुकीचं. एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर ठेवून पाहिली, तर मधला फ्रेट उंच असल्यास कार्ड डुलतं. उंच फ्रेट कधीकधी नुसता खाचेतून वर आलेला असतो. तो ठोकून बसवता येतो, घासावा लागत नाही.

गिटार देताना आणि घेताना

तुम्ही कोणत्या जाडीच्या तारा वापरता, बोटांनी वाजवता की जोरात स्ट्रमिंग करता, हे कारागिराला सांगा. जोरात वाजवणाऱ्याला तारा थोड्या उंच लागतात. मधूनच तारांची जाडी बदलली तर केलेला सेटअप बिघडतो.

देण्याआधी गिटारचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि आतल्या चिठ्ठीवरचा क्रमांक टिपून ठेवा. पावतीवर "सर्व्हिसिंग" एवढंच लिहून घेऊ नका. ट्रस रॉड, नट, सॅडल, फ्रेट यांपैकी कशाचं काम होणार, आधीची मापं काय आणि कामानंतर कोणती हवीत, हे लिहून घ्या. ठरल्याशिवाय फ्रेटला हात लावणार नाही, हेही त्यात असू द्या. काढलेलं जुनं नट आणि सॅडल परत मागा. त्यांच्या मापावरून पुढच्या कारागिराला मूळ उंची कळते.

परत घेताना दुकानातच बसून वाजवा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून ऐका, मग मोकळ्या तारा ऐका, मग ट्यूनरवर बारावा फ्रेट पाहा. घाई असेल त्या दिवशी गिटार घ्यायला जाऊच नका.

ऋतूचं भान

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आता सहज मिळतं. ते केसमध्ये ठेवा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओल्या झाल्या की बदला. गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवू नका, तिथल्या उष्णतेने ब्रिजचा गोंद मऊ पडतो.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांकडे हवा बहुतेक काळ दमट असते, त्यांनी तिथल्या हवेतच सेटअप करून घ्यावा. घाटावरच्या लोकांनी मोठं काम पावसाळा संपून हवा स्थिर झाल्यावर, शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावं. पावसाळ्यात तारा वर आल्या तर गिटार आधी काही दिवस सिलिका जेल घालून बंद केसमध्ये ठेवा, मग पुन्हा मोजा. बऱ्याचदा तेवढ्यानेच तारा खाली येतात. तरीही अडलं तर मूळ सॅडल जपून ठेवा आणि पावसाळ्यासाठी थोडं बुटकं दुसरं सॅडल बनवून घ्या. ऋतू बदलला की ते काढून मूळ सॅडल परत बसवता येतं.

गिटार बिघडलेली असली की शिकणारा स्वतःला दोष देतो आणि वाद्य सोडून देतो. तुमच्या घरात अशी एखादी गिटार कोपऱ्यात उभी असेल, तर या आठवड्यात ती सुरात लावा, वरची मापं घ्या आणि एका कागदावर लिहा. तो कागद घेऊनच कारागिराकडे जा. मापं पाहून जो प्रश्न विचारेल, त्याच्याकडे गिटार द्या. मापं न पाहता जो कानस उचलेल, त्याला नमस्कार करून गिटार घरी घेऊन या.