ओव्हरटाइमचा हिशेब : दर कसा काढावा?

ईद किंवा लग्नसराई जवळ आली की मागणी वाढते. गोदामातले दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात आणि हजेरी वहीत जादा तास चढू लागतात. सरकारी मराठीत याला अतिकालिक काम म्हणतात. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. हा शब्द उमजायला आम्हाला वेळ लागला, आणि त्यामागचा हिशेब उमजायला त्याहून जास्त. कापड मोजताना बोटभर कमी देणे गुनाह आहे हे आपण सारे जाणतो. मापात कमी करणाऱ्यांविषयी कुरआनात एक सूरहच आहे. मजुरीचे माप मात्र आपण मुनीमजींवर सोपवून मोकळे होतो.

मूळ नियम सोपा आहे. जादा तासाला नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट मजुरी. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये दुप्पटच होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यांतही दुप्पटच आहे. घोटाळा होतो तो 'नेहमीचा दर' काढताना.

आमच्याच वहीतले उदाहरण देतो. घडी-पॅकिंगच्या एका कारागिराचा पगार महिना १४,५६० रुपये, काम रोज आठ तास, आठवड्याला एक सुट्टी. मुनीमजींनी पगाराला ३० ने भागले, मग ८ ने. तासाचे ६० रुपये ६७ पैसे निघाले. वास्तविक हा पगार कामाच्या २६ दिवसांचा. किमान वेतनाचा रोज काढतानाही २६ नेच भागतात. १४,५६० भागिले २६ म्हणजे ५६० रुपये रोज, आणि ८ ने भागले की ७० रुपये तास. म्हणून ओव्हरटाइमचा दर १४० रुपये. मुनीमजींनी दुप्पटही केली नव्हती. रमजानपूर्वीच्या दोन महिन्यांत ६० जादा तास झाले. त्याचे ३,६४० रुपये दिले गेले, द्यायचे होते ८,४००. एका माणसाचे ४,७६० रुपये आमच्या गल्ल्यात राहिले, आणि आम्ही त्या वर्षीची जकात मोठ्या समाधानाने काढली होती!

दर काढताना मूळ पगाराबरोबर महागाई भत्ताही धरावा लागतो. घरभाडे, प्रवास असे भत्ते वगळता येतात. परंतु काही मालक मूळ पगार नावापुरता दाखवून बाकी सारे भत्त्यांत घालतात. नव्या संहितेने ती वाट बंद केली आहे. वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनातच धरली जाते.

आता तासांची मोजणी. समजा दिवसाचे ८ आणि आठवड्याचे ४८ तास ठरले आहेत. (दुकान आणि कारखाना यांच्या मर्यादा सारख्याच असतील असे नाही. आपल्याला कोणती लागू होते ते कामगार कार्यालयात विचारून घ्यावे.) कारागीर तीन दिवस ८ तास, एक दिवस ११, एक दिवस १० तास आला आणि एक दिवस आलाच नाही. बेरीज ४५. मुनीम म्हणेल, ४८ भरले नाहीत, कसला ओव्हरटाइम? ४५ गुणिले ७०, म्हणजे ३,१५० रुपये. पण दिवसाच्या हिशेबाने ३ आणि २ असे पाच तास जादा झाले आहेत. कारखान्यांसाठीच्या नव्या संहितेप्रमाणे दिवसाचा किंवा आठवड्याचा, जो हिशेब कामगाराच्या फायद्याचा तो धरायचा. तेव्हा ४० तासांचे २,८०० आणि पाच तासांचे ७००, एकूण ३,५०० रुपये. त्याच संहितेत जादा कामासाठी कामगाराची राजीखुशीही लागते. 'आज थांबावेच लागेल' ही आपल्या बाजारातली भाषा तिच्यात बसत नाही.

मीटरवर किंवा नगावर काम करणाऱ्यांबद्दल आमचे कारखानदार बंधू नेहमी विचारतात. त्यांचा तासाचा दर कोठून आणायचा? जुन्या कायद्यात पद्धत दिली होती. मागील महिन्यात त्याच कामावर जितके दिवस प्रत्यक्ष भरले, त्यांची ओव्हरटाइम सोडून रोजची सरासरी कमाई काढायची आणि तीच त्याचा रोज मानायची. हिशेब समजून घ्यायला ती आजही उपयोगी आहे.

आमचा तो कारागीर ईदनंतर मुलुखाला गेला तो परत आला नाही. पैसे त्याचे होते, तेव्हा त्याच्या गाववाल्याकडून नंबर मिळवून आम्ही फोन केला आणि ४,७६० चा आकडा सांगितला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो अदबीने म्हणाला, "सेठ, तास साठ नाहीत, बासष्ट आहेत. मी डायरीत लिहून ठेवलेत." वही काढून पाहिली. चार रात्री तो साडेदहापर्यंत थांबला होता आणि मुनीमजींनी अर्धा-अर्धा तास सोडून पूर्ण तासच लिहिले होते. संहितेत मात्र तासाच्या भागाचाही उल्लेख आहे. दोन तासांचे आणखी २८० मिळवून आम्ही ५,०४० रुपये पाठवले. आता हजेरी वहीत येण्याची आणि जाण्याची वेळ मिनिटांसह लिहिली जाते, आणि सही कारागीर करतो.