'बहादूर'चा धडा

सिल्व्हर पार्कच्या दुकानदार बंधूंनी मीरा रोडच्याच आबिद सुरती यांची कारकीर्द जरूर अभ्यासावी. मुंबईच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चा धंदा १९६४ पासून वेताळ, मॅन्ड्रेक अशा परदेशी मालावर चाले. १९७६ मध्ये सुरतींनी देशी नायक दिला: 'बहादूर'. वर कुर्ता, खाली जीन्स. बाप डाकू, मुलगा मात्र डाकूंशी लढणारा. ना मुखवटा, ना जादू. गिऱ्हाईक इथले, म्हणून नायकही इथला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. १९९० मध्ये 'इंद्रजाल' बंद पडले, पण सुरतींचा हुनर बसून राहिला नाही. २००७ पासून प्लंबर सोबत घेऊन त्यांनी मीरा रोडच्या घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून दिले. तेव्हा व्यापाऱ्याने माल भरण्याआधी गिऱ्हाईक ओळखावे, आणि गळती थेंबाची असली तरी वेळीच थांबवावी.