रोजंदारी, वतन आणि माथाडी : उत्पन्नाच्या शाश्वतीचा प्रश्न

न्याय्य कामाचा विचार करताना आपले लक्ष प्रथम मजुरीच्या दराकडे जाते. दर महत्त्वाचा आहेच; परंतु तो वर्षातून किती दिवस हाती पडतो आणि उद्या काम मिळणार की नाही, हे आज ठाऊक असणे तितकेच महत्त्वाचे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ साली ‘सन्माननीय काम’ ही संकल्पना पुढे आणली, तिच्यात सामाजिक सुरक्षिततेला स्थान आहे. आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातही कामाच्या हक्काबरोबर बेकारी, वार्धक्य व आजारपण यांत साहाय्य मिळण्याचा उल्लेख येतो. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे न्यायालयातून बजावून घेता येत नाही.

विरार पश्चिमेकडील बोळिंज हे एके काळी शेती-वाड्यांचे गाव. आज तेथे म्हाडाच्या कोकण मंडळाची मोठी वसाहत आणि खाजगी इमारती उभ्या आहेत. त्यांतील घर कर्ज काढून घेणाऱ्यास बँक प्रथम उत्पन्नाचा दाखला मागते. वीस वर्षांचे कर्ज म्हणजे वीस वर्षांच्या उत्पन्नाविषयीचा विश्वास होय. अशा इमारतींच्या बांधकामावर विटा वाहणारा मजूर मात्र सकाळी नाक्यावर उभा राहतो. दहा वाजेपर्यंत कोणी ठेकेदार आला नाही, तर तो घरी परततो. त्या दिवसाला आपल्या भाषेत ‘खाडा’ म्हणतात. हा शब्द लक्षात घ्यावा : काम न देणारा दुसरा असला, तरी खाडा मजुराच्याच नावे पडतो. ‘हातावरचे पोट’ या वाक्प्रचारातही हेच वास्तव साठलेले आहे.

मग पूर्वीची गावगाड्याची व्यवस्था बरी होती काय? तीत बलुतेदाराला सुगीच्या वेळी धान्याचा वाटा ठरलेला असे. शाश्वती होती, परंतु ती जन्माने नेमून दिलेल्या कामाला बांधलेली होती. महार वतनात हा बंध सर्वांत कठोर होता. तुटपुंज्या मोबदल्यासाठी केव्हाही चाकरीस हजर राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात याविषयीचे विधेयक मांडले, तेव्हा ते वरवर पाहता आपल्याच समाजाच्या हातातील एक आधार सोडवू पाहत होते. त्यांची दृष्टी अचूक होती. ज्या शाश्वतीसाठी माणसाला नकार देण्याचा अधिकार गमवावा लागतो, तिला सुरक्षितता म्हणता येत नाही. वतनदाराला शाश्वती होती, मोकळीक नव्हती. नाक्यावरच्या मजुराला मोकळीक आहे, शाश्वती नाही.

ही कोंडी फोडण्याचा महाराष्ट्रातील एक लक्षणीय प्रयत्न म्हणजे १९६९ चा माथाडी कायदा. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. बाजारपेठेत, गोदामात, गोदीत तो टोळीने काम करी. सकाळी एका व्यापाऱ्याकडे, दुपारी दुसऱ्याकडे. त्यामुळे आजारपण आले, की ‘हा आमचा नोकर नव्हे’ असे म्हणायला प्रत्येक व्यापारी मोकळा असे. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत या कामगारांची संघटना बांधली, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हमालांचा प्रश्न लावून धरला. कायद्याने शासन, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे निर्माण केली. कामगाराची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरील ठरावीक लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार यांची तरतूद करायची. मालक बदलत राहिले, तरी कामगाराचे खाते एकच राहिले. शाश्वती मालकाकडून काढून नोंदवहीकडे सोपवली, हे या कायद्याचे खरे वैशिष्ट्य. बोगस नोंदी व दमदाटीने वसुली यांच्या तक्रारी पुढे झाल्या, त्या गंभीर आहेत. पण त्या अंमलबजावणीच्या आहेत.

बांधकाम मजुरांसाठी केंद्राने १९९६ साली कायदा केला, उपकर बसवला, कल्याणकारी मंडळांची सोय केली. लाभासाठी अट अशी, की मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचे काम केलेले असावे. वर्षात दोनशे दिवस राबलेल्या माणसाला ही अट सोपी वाटावी. परंतु ते दोनशे दिवस तीस-चाळीस ठेकेदारांकडे विखुरलेले असतात. ९० दिवसांच्या दाखल्यावर सही कोणी करायची? माथाडी मंडळात जी नोंद व्यवहारातूनच आपोआप होते, ती येथे मजुराला मागत फिरावे लागते. ग्रामीण भागाला १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने अकुशल कामाची हमी दिली. शहरातील नाक्याला तशी हमी नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका नाक्यावरील कामगारांशी बोलून त्यांचे गेल्या महिन्यातील कामाचे दिवस, खाडे आणि ठेकेदारांची संख्या नोंदवा. या नोंदींच्या आधारे, नाका कामगारांसाठी माथाडी मंडळासारखी व्यवस्था करायची झाल्यास लेव्ही कोणाकडून घ्यावी आणि घरमालकाने एका दिवसासाठी लावलेल्या मजुराची नोंद कशी व्हावी, याविषयी दोनशे शब्दांत लिहा.