शेगडीची जाळी उंचावण्यासाठी वीट कोणती?

प्रश्न : कोळशाच्या शेगडीवरील जाळी उंच करण्यासाठी बांधकामातून उरलेल्या विटा चालतील का?

उत्तर : या कामी अग्निरोधक वीट, म्हणजे ॲल्युमिना व सिलिकायुक्त उष्णतारोधी माती भाजून भट्टीच्या अस्तरासाठी केलेली वीट, सर्वांत योग्य ठरते, तिचे प्रचलित माप २३०×११५×७५ मिलिमीटर असल्याने ती आडवी ठेवल्यास जाळी ७५, तर कडेवर उभी केल्यास ११५ मिलिमीटर उंचावते. साधी लाल वीट कोरडी असल्यास निभावून नेते, परंतु तिच्या छिद्रांत मुरलेल्या पाण्याची झपाट्याने वाफ झाल्यास ती तडकते व प्रसंगी तिचे कपचे उडतात. सिमेंटचे ठोकळे मात्र टाळावेत, कारण सिमेंटला बळकटी देणाऱ्या संयुगांतील पाणीच उष्णतेने निघून जाते आणि ठोकळा ठिसूळ होतो. औद्योगिक भट्टीतून काढलेली जुनी वीट, कितीही स्वस्त मिळाली तरी, नाकारावी. तिच्यात घातक क्रोमियम संयुगे असू शकतात.