भाषा शिकवणारे ॲप : पारखायचे कसे?

प्रयोगशाळेत नवा तापमापक आला की आपण त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. वितळणाऱ्या बर्फात आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून त्याची परीक्षा घेतो. मोबाइलवरच्या भाषा शिकवणाऱ्या ॲपचीही अशीच परीक्षा घ्यायला हवी.

गेल्या वर्षी मी एका ॲपवर जर्मन शिकू लागलो. ६० दिवस एकही खाडा नाही. गुणांची रास जमली. मग एका परिचितांनी जर्मनमध्ये विचारले, "काल काय केलेत?" माझ्या तोंडून एक वाक्य फुटेना!

असे का व्हावे? चार पर्यायांतून बरोबर शब्द निवडणे म्हणजे ओळखणे. तोच शब्द मनातून काढून कोऱ्या कागदावर लिहिणे म्हणजे आठवणे. ॲप पहिली गोष्ट मोजत होते; मला वाटत होते, दुसरी मोजली जाते आहे.

शिवाय ताज्या धड्यावरचे गुण फसवे असतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत दिसले, की विस्मरण आधी झपाट्याने होते, मग त्याचा वेग मंदावतो. २००६ मध्ये रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे!

म्हणून ॲपला तीन प्रश्न विचारा. ते आठवून लिहायला, बोलायला लावते का? जुने शब्द वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणते का? चूक का झाली, हे सांगते का?

आता प्रयोग करा. आपले शब्द भरता येतील असे ॲप घ्या. ४० नव्या शब्दांच्या, चिठ्ठ्या टाकून, २०-२० च्या दोन याद्या करा. एक यादी ॲपवर, दुसरी वहीत. दोन्ही रोज १० मिनिटे, पाच दिवस. अर्ध्या वर्गाने याद्यांची अदलाबदल करावी, म्हणजे एखादी यादी सोपी असली तरी निष्कर्ष बिघडणार नाही. मग आठवडाभर उजळणी बंद. शेवटी शिक्षकांनी मराठी अर्थ सांगावेत, तुम्ही कागदावर शब्द लिहावेत. मोबाइल दप्तरात!

ही परीक्षा केवळ शब्दांची झाली. संभाषणासाठी मित्राशी दोन मिनिटे बोलूनच पाहावे लागेल. ॲप जिंको वा वही, तुम्ही स्वतः मोजलेला आकडा पडद्यावरच्या गुणांहून अधिक विश्वासाचा असेल.