बाळ रडलं, म्हणजे झालं नाही

बाळ रडलं, की बाहेर पेढ्यांची चौकशी सुरू होते. मुलगा की मुलगी, वजन किती, गेलं कोणावर. त्याच्या पायाला हात लावून बघायचं मात्र कोणाला सुचत नाही.

भाचीच्या बाळंतपणात मी सोबत होते. पौषातली थंडी, अनसिंगहून पहाटेच निघालेलो. दवाखान्याचं नाव घेत नाही. असं कुठंही घडतं. बाळ खणखणीत रडलं आणि सगळे बाळंतिणीकडे वळले. तिला रक्त जास्त जात होतं, वळणारच. तेवढ्यात लेकरू ओल्या दुपट्यात ट्रेवर पडून राहिलं. हाती आलं तेव्हा दूध ओढेना. बहीण म्हणाली, "सिस्टर, लेकरू काऊन इतकं थंडं लागून राह्यलं?"

नुकत्याच ड्यूटीवर आलेल्या सिस्टरनं आधी तळवा, मग पोट चाचपलं. पाय गार पण पोट गरम, तर बाळाला थंडी वाजतेय. पोटही गार, तर धोका. आमच्या बाळाचं पोट गार होतं. तिनं ओलं कापड काढलं, टोपी घातली, बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून पांघरूण, पंखा बंद. मगच एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागाला, फोन. बाळ वाचलं.

ओलं अंग झपाट्यानं गार होतं. गारठलेलं बाळ ऊब धरायला साखर जाळतं, सुस्तावतं, दूध सोडतं आणि आणखी गारठतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना बाळ उबदार ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखणं शिकवलं. 39 गावांतले नवजात मृत्यू हजारी 62 वरून 25 वर आल्याचं 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गावात जमलं ते दवाखान्यात का जमू नये?

म्हणून प्रसूतीच्या खोलीत सोबतीला बाई हवीच. सरकारी दवाखान्यांत 2016 पासून तशी मुभा आहे, हक्कानं मागा. कोरडं सुती कापड आणि टोपी पिशवीत वरच ठेवा. तासाभरात बाळ छातीला लागलं का, व्हिटॅमिन के दिलं का, सरळ विचारा. पहिल्या दिवशी आंघोळ नको, मधाचं बोट तर नकोच, मग आजी कितीही रुसो.

मोठ्या दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर सरकारी गाडी फुकट मिळते. गाडीतही बाळ कोणाच्या तरी अंगालाच हवं. आईला उठवत नसेल, तर बाप, मावशी, आजी, कोणाचीही छाती चालते.